चाकूचा खटका घट्ट होतो तेव्हा

घडीचा चाकू उघडला की पातं जागच्या जागी धरून ठेवणारा एक छोटासा भाग असतो. कोणी त्याला लॉक म्हणतं, कोणी खटका. खोक्यावरची दोरी कापताना किंवा कलमाची काडी छाटताना हात घसरला आणि पात्याच्या पाठीवर दाब आला, तर पातं मिटून बोटांवर येऊ नये, एवढ्यासाठी तो बसवलेला असतो. म्हणून खटका घट्ट झाला, अंगठा दुखेपर्यंत दाबूनही सुटेना, तर पक्कड किंवा तेलाची बाटली हातात घेण्याआधी थोडं थांबावं. घट्टपणाची कारणं वेगवेगळी असतात. एका चाकूला तारणारा उपाय दुसऱ्या चाकूचा खटका निकामी करू शकतो, आणि निकामी खटक्याची किंमत बोटांना मोजावी लागते.

आधी तक्रार नीट ओळखा

‘लॉक घट्ट आहे’ या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली, पातं फिरायलाच जड जातं. दुसरी, पातं उघडतं, पण खटका पुरता बसत नाही. तिसरी, खटका व्यवस्थित बसतो, पण सोडवताना सुटत नाही.

यांतली पहिली तक्रार मुळात खटक्याची नसतेच. खटका हाताने बाजूला धरून पातं अर्ध्यावर आणा आणि सावकाश मागे-पुढे हलवून पाहा. तरीही ते जड जात असेल, तर दोष पात्याच्या खिळ्यापाशी आहे. तिथे मळ साचलेला असतो, गंज चढलेला असतो, स्क्रू जास्त आवळलेला असतो किंवा लाकडी मूठ फुगलेली असते. स्क्रूचा चाकू असेल तर तो अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, सैल करून पाहावा. पातं मोकळं फिरलं पाहिजे, पण उघडल्यावर डावी-उजवीकडे डुगडुगता कामा नये. या दोन्ही गोष्टी साधतील तिथे थांबायचं.

दुसरी तक्रार सर्वांत धोक्याची. खटका अर्धवट बसलेला चाकू वरवर उघडा दिसतो, पण दाब आला की मिटतो. बहुतेक वेळा खाचेत अडकलेला कचरा याला कारणीभूत असतो. तो साफ होईपर्यंत चाकू वापरू नये. तिसरी तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. तिचं उत्तर मात्र खटका कोणत्या जातीचा आहे, यावर ठरतं. त्यांतल्या तीन मुख्य जाती समजून घेतल्या की बाकीचे चाकूही समजतात.

कडीचा चाकू आणि फुगणारं लाकूड

फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात, आल्प्समधल्या मोरिएन खोऱ्यात, ओपिनेल नावाचं एक कुटुंब कुऱ्हाडी, कोयते अशी शेतीची हत्यारं घडवत असे. त्या घरातल्या जोसेफ ओपिनेल या 18 वर्षांच्या मुलाने 1890 मध्ये खिशात मावेल असा एक साधा चाकू केला. बीच झाडाच्या लाकडाची मूठ, तिला उभी फट, फटीत बसणारं पातं, एक खिळा आणि मुठीच्या तोंडाशी धातूचं एक वेढणं, इतकाच त्याचा पसारा. 1897 पर्यंत क्रमांक 1 ते 12 अशी त्याची मापं ठरली. आज सर्वांत जास्त दिसतो तो क्रमांक 8. त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं असतं.

सुरुवातीची 65 वर्षं या चाकूला खटका नव्हता. पातं लाकडाच्या आणि खिळ्याच्या घर्षणावरच थांबायचं. 1955 मध्ये जोसेफचा मुलगा मार्सेल याने वेढण्यावर आणखी एक फिरती कडी चढवली. तिला वीरोब्लॉक म्हणतात. कडीला एका जागी चीर असते. ती चीर मुठीच्या फटीसमोर आली की पातं मोकळं होतं. कडी फिरवली की तिचा अखंड भाग पात्याच्या बुडाशी आडवा येतो आणि पातं मिटू शकत नाही. 2000 सालापासून हीच कडी मिटलेलं पातंही अडवते, त्यामुळे चाकू खिशात आपोआप उघडत नाही. क्रमांक 6 आणि त्यापुढच्या मापांनाच ही कडी असते.

कडीची पात्याकडची कडा किंचित तिरकी असते. जितकी फिरवाल तितकी ती पात्याच्या बुडावर जास्त दाबून बसते. वर्षानुवर्षांच्या वापराने धातू झिजला तरी कडी थोडी पुढे फिरवून घट्टपणा परत मिळावा, ही त्यातली सोय. पण नवीन चाकूत लोक ती शेवटपर्यंत फिरवतात आणि मग ती सुटत नाही. पातं हलायचं थांबलं की कडी फिरवणं थांबवावं, एवढं पथ्य पाळलं तर बहुतेक तक्रारी होणारच नाहीत.

तरीही कडी अडकलीच, तर तिच्या खाली, दोन्ही कडांशी, पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा आणि थोडा वेळ मुरू द्या. मग रबरी हातमोजा किंवा जाड रबराचा तुकडा कडीभोवती धरून ती फिरवा. रबरामुळे पकड येते आणि जोर कमी लागतो. पातं उघडं असेल तर ते स्वतःपासून दूर धरा आणि धारेच्या बाजूला बोट येऊ देऊ नका. कडी कायमच जड असेल, तर सर्क्लिप प्लायरने तिची चीर अगदी किंचित फाकवून ताण कमी करता येतो. मात्र एकदा जास्त फाकलेली कडी पूर्ववत होत नाही. म्हणून केसभर फाकवायची, फिरवून पाहायची, आणि गरज असेल तरच पुन्हा हात लावायचा.

या चाकूची दुसरी अडचण लाकडाची आहे, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फार जाणवते. लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगतं आणि कोरडं पडलं की आकसतं. हा बदल धाग्यांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ होतच नाही, आडव्या दिशेने मात्र भरपूर होतो. ताजं ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत किती आकसतं, हे मोजून लाकडांची तुलना करतात. वाढीच्या वर्तुळांच्या रेषेत सागवान सुमारे 5 टक्के आकसतं, तर युरोपातलं बीच सुमारे 11 ते 12 टक्के. म्हणजे हे लाकूड आपल्या सागाच्या दुपटीहून जास्त हलतं. कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता सतत 80 टक्क्यांच्या वर असते. तेव्हा मुठीची फट अरुंद होते आणि पात्याचं बूड दोन्ही बाजूंनी चिमटीत सापडतं. पावसाळ्यात घराचे लाकडी दरवाजे चौकटीत अडकतात, त्यामागेही हेच कारण असतं.

असा फुगलेला चाकू उघडायची सॅव्हॉयमधल्या लोकांची एक जुनी रीत आहे. मिटलेल्या चाकूची कडी मोकळ्या जागी आणायची आणि मुठीच्या मागच्या टोकाचा टेबलासारख्या कठीण कडेवर एक नेमका ठोका द्यायचा. मूठ जागीच थांबते, पातं मात्र जडत्वामुळे थोडं पुढे सरकतं आणि त्याचं टोक फटीबाहेर येतं. मग ते चिमटीत धरून उघडता येतं. ठोका देताना बोटं फटीसमोर नसावीत.

कायमचा उपाय करायचा तर आधी मूठ सुकू द्यायला हवी. ती सावलीत, पंख्याच्या वाऱ्याखाली, सावकाश सुकवावी. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवली तर लाकूड तडकतं. पूर्ण सुकल्यावरही पातं जड जात असेल, तरच बारीक पॉलिश पेपर पत्त्याच्या जाडीच्या पुठ्ठ्याभोवती गुंडाळून फटीच्या आतल्या बाजू हलक्या हाताने घासाव्यात. भर पावसात, लाकूड फुगलेलं असताना फट घासू नये. त्या दिवसांत बेताची वाटणारी फट मे महिन्यात सैल होते आणि पातं डुगडुगायला लागतं.

घासून झालं की मुठीला आतून-बाहेरून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. जवसाचं तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून सुकतं, घट्ट होतं आणि लाकडात ओलावा शिरण्याचा वेग कमी करतं. तेल पुसलेलं फडकं मात्र बोळा करून टाकू नये. हे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते पसरून वाळवावं किंवा पाण्यात भिजवून मग फेकावं.

पाठीवरचा खटका

दुसरी जात लॉकबॅकची. मुठीच्या पाठीवर, टोकापाशी अंगठ्याने दाबायची जागा असते, तो हा चाकू. ही रचना जुनी आहे, पण तिला घरोघरी पोचवलं ते अमेरिकेतल्या बक कंपनीच्या 1964 सालच्या ‘110’ या चाकूने. त्यानंतर जगभरच्या कारखान्यांनी ही रचना उचलली.

मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते आणि ती मधल्या खिळ्यावर तराजूच्या दांडीसारखी झुलते. तिच्या पुढच्या टोकाला आकडा असतो. पातं पूर्ण उघडलं की हा आकडा पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो. मागच्या टोकाखाली स्प्रिंग असते आणि ती आकड्याला सतत खाचेत दाबून ठेवते. मागचं टोक दाबलं की पुढचा आकडा वर उचलला जातो आणि पातं सुटतं.

ही तरफ असल्यामुळे कुठे दाबता, याला फार महत्त्व आहे. खिळ्यापासून जितकं दूर दाबाल तितका कमी जोर लागतो. बरेच जण घाईत मधल्या खिळ्याजवळ दाबतात आणि खटका कडक असल्याची तक्रार करतात. दाबण्याची जागा दाखवायला पट्टीला खळगी दिलेली असते. अंगठ्याचं पेर नेमकं तिथेच ठेवावं. खटका सोडवताना लोक नकळत पातं मिटण्याच्या दिशेनेही ढकलत असतात. त्यामुळे आकडा खाचेच्या भिंतीशी आवळला जातो आणि स्प्रिंगच्या ताणाबरोबरच या घर्षणाशीही अंगठ्याला झुंजावं लागतं. म्हणून आधी पातं उघडण्याच्या दिशेने किंचित दाबून धरावं, मग खटका दाबावा आणि आकडा उचलल्यावर पातं मिटवावं. पुष्कळ घट्ट खटके एवढ्यानेच सुटतात, आणि हीच युक्ती इतर जातींच्या चाकूंनाही लागू पडते.

खटका बसायला त्रास होत असेल, तर खाचेत पाहावं. खिशातली धूळ, कापडाचे तंतू आणि सुकलेलं तेल यांचा घट्ट गोळा तिथे बसलेला असतो. दात कोरायच्या लाकडी काडीने तो काढता येतो. सुई किंवा पिन वापरली तर खाचेवर चरे पडतात. नवीन चाकूची स्प्रिंग कडक असेल, तर दोनचार संध्याकाळी तो शांतपणे उघडत-मिटवत राहावं. घासणारे पृष्ठभाग एकमेकांना गुळगुळीत करतात आणि कडकपणा उतरतो. स्प्रिंग वाकवणं किंवा आकडा कानशीने घासणं पूर्णपणे टाळावं. आकडा आणि खाच एकमेकांच्या मापाने केलेली असतात आणि घासून गेलेला धातू परत आणता येत नाही.

आतल्या पट्टीचा खटका

तिसरी जात लायनर लॉकची. मुठीच्या आत, एका बाजूला, धातूची पातळ पट्टी असते. पातं उघडलं की ही पट्टी स्प्रिंगसारखी आत सरकते आणि पात्याच्या बुडामागे जाऊन उभी राहते. मिटवताना अंगठ्याने ती बाजूला सारावी लागते. तिला आजचं रूप दिलं ते मायकल वॉकर या अमेरिकन कारागिराने, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला. पुढे क्रिस रीव्ह या कारागिराने पातळ पट्टीऐवजी मुठीचीच जाड टायटॅनियम बाजू पट्टीसारखी वापरली. त्याला फ्रेम लॉक म्हणतात.

या खटक्याचं सगळं गणित पाचरीचं आहे. पात्याच्या बुडाची मागची बाजू सरळ नसते. ती साधारण 7 ते 10 अंशांनी तिरकी कापलेली असते. पट्टी या उतारावर पाचरीसारखी चढते. उतार जास्त तिरका ठेवला, तर दाब आल्यावर पट्टी घसरून बाजूला जाईल आणि पातं मिटेल. उतार फार कमी ठेवला, तर पट्टी इतकी घट्ट रुतेल की सुटणारच नाही. पाचर आपल्या जागी राहायची, तर घर्षणांक हा उताराच्या कोनाच्या टॅन्जंटपेक्षा जास्त असावा लागतो. 8 अंशांचा टॅन्जंट सुमारे 0.14 येतो. कोरड्या पोलादावर कोरडं पोलाद घासलं, तर घर्षणांक याहून बराच मोठा असतो, म्हणून खटका धरून राहतो. तेलकट पोलादावर मात्र तो 0.1 ते 0.15 च्या आसपास उतरतो, म्हणजे सुरक्षिततेच्या सीमारेषेवर येतो.

म्हणूनच लायनर लॉकच्या टेकण्याच्या जागी तेल घालू नये. बिजागरीच्या खिळ्याला एक थेंब चालतो, पण पट्टी जिथे पात्याला भिडते ती जागा कोरडी हवी. चाकू हातातून सोडण्याआधी तिथे ओघळलेलं तेल कापसाने पुसून घ्यावं.

मग हा खटका चिकटतो तो का? एक कारण उघडण्याच्या सवयीत आहे. मनगटाला झटका देऊन पातं ताडकन उघडलं, तर पाचर हातोडीने ठोकल्यासारखी उतारावर खोल चढते. तोच चाकू सावकाश उघडला, की खटका सहज सुटतो. दुसरं कारण धातूत आहे. टायटॅनियम कडक पोलादावर दाबून घासलं गेलं की त्याचे सूक्ष्म कण पोलादाला चिकटतात आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवतात. सोडवताना त्यातून ‘कट्’ असा आवाज येतो. नवीन टायटॅनियम फ्रेम लॉकमध्ये हे बऱ्याचदा होतं आणि वापराने कमी होत जातं. त्यावर इलाज म्हणून अनेक कारखाने आता टायटॅनियमच्या पट्टीला टोकाशी पोलादाचा वेगळा तुकडा बसवतात.

घरी करण्याजोगा उपाय सोपा आहे. टेकण्याच्या दोन्ही जागा स्पिरिटने पुसून कोरड्या करायच्या आणि पात्याच्या बुडावर साध्या पेन्सिलीच्या एकदोन रेघा ओढायच्या. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट धातूंच्या मधे पातळ थर करतं आणि कण चिकटू देत नाही. रेघा एकदोनच हव्यात, काळा लेप नको, कारण ग्रॅफाइटही घर्षण कमी करतं. रेघा ओढल्यावर खटका धरतो की नाही, हे तपासल्याखेरीज काम करू नये.

मळ, चीक आणि तेल

जात कोणतीही असो, घट्टपणाचं सर्वांत साधं कारण अस्वच्छता असतं. लाकडी मुठीचे चाकू सोडून बाकीच्यांना कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण चालतो. पाण्यातच चाकू पुन्हा पुन्हा उघडावा-मिटवावा, जुन्या टूथब्रशने कोपरे घासावेत, मग चांगला झटकून पूर्ण कोरडा करावा. स्विस आर्मी चाकूंचे निर्माते व्हिक्टोरिनॉक्सही आपल्या चाकूंसाठी हीच पद्धत सांगतात आणि नंतर सांध्यांना तेलाचा थेंब द्यायला सांगतात.

फणसाचा किंवा आंब्याचा चीक मात्र पाण्याने निघत नाही. फणस चिरताना आपण हाताला आणि विळीला तेल लावतो, त्याच कारणाने खाचेत बसलेला चीकही तेलाने सुटतो. थोडं तेल लावून तो मऊ होऊ द्यावा, काडीने काढावा आणि मग साबणाने तेल धुऊन टाकावं. कैरी-लिंबू कापल्यावर साध्या पोलादाचं पातं लगेच पुसावं, नाहीतर ते काळवंडतं आणि पुढे गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून खिळ्याभोवतीचा थोडासा गंजही सांधा जाम करायला पुरतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

तेल निवडतानाही विचार करावा. स्वयंपाकघरातली तेलं सांध्यात घालू नयेत. शेंगदाणा, सूर्यफूल यांची तेलं हवेने हळूहळू चिकट होतात. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली गोठतं, म्हणून हिवाळ्यात नाशिक-पुण्याकडे खोबरेल घातलेला चाकू सकाळी जड वाटणारच. लाकडाला उत्तम असलेलं जवसाचं तेल सांध्यात मात्र सरसासारखं घट्ट बसतं. शिवणयंत्राचं पातळ तेल चांगलं काम देतं. फळं कापायचा चाकू असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन योग्य. डब्ल्यूडी-40 मुख्यतः पाणी हटवायला तयार केलेला द्रव आहे. तो जाम झालेला सांधा सोडवायला आणि मळ काढायला उपयोगी पडतो, पण त्याचा बराचसा भाग उडून जातो. त्यामुळे तो वापरून पुसल्यावर वेगळ्या तेलाचा एक थेंब द्यावाच लागतो. कोणतंही तेल एका थेंबापुरतंच. जास्त घातलेलं तेल खिशातली धूळ गोळा करतं आणि महिन्याभरात तक्रार पुन्हा उभी राहते.

शेवटी तपासणी

कोणताही उपाय केल्यावर खटक्याची परीक्षा घ्यावी. पातं पूर्ण उघडून खटका बसू द्या. मूठ अशी धरा की पातं मिटलंच तर त्याच्या वाटेत एकही बोट नसेल. मग पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून दाब हळूहळू वाढवा. पाठ आपटून पाहू नका, त्याने चांगला खटकाही बिघडतो. हा दाब सोसून खटका जागचा हलला नाही, तर चाकू कामाला योग्य आहे. खटका सरकला, तर साफसफाई करून एकदा पुन्हा तपासा. तरीही सरकत असेल, तर तो चाकू निर्मात्याकडे किंवा जाणत्या कारागिराकडे द्या. तसं शक्य नसेल, तर वापरातून काढून टाका.

घट्ट खटका अंगठ्याला त्रास देतो, सैल खटका बोटं कापतो. म्हणून खटका मोकळा करताना नेहमी सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करा: आधी धरण्याची रीत, मग साफसफाई, मग तेलाचा थेंब किंवा पेन्सिलीची रेघ, आणि धातूला हात सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीनंतर तपासा, आणि खटका हाताला थोडा कडक लागतो एवढीच तक्रार उरली, तर तिथेच थांबा.